सिझरनंतर नॉर्मल बाळंतपण हवंय? साथ देणारे डॉक्टर आणि दवाखाना कसा शोधायचा

पहिलं सिझर झालेली बाई दुसऱ्यांदा गरोदर राहिली की घरात, शेजारीपाजारी आणि बऱ्याचदा दवाखान्यातही सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं की आता सिझरच. तारीख तेवढी ठरवायची. हौशी मंडळी असतील तर गुरुजींकडून मुहूर्तही काढून आणतात.

मी गरोदर बायकांचे प्रसूतिपूर्व वर्ग घेते. सिझर झालेल्या बायका वर्गाला येतात तेव्हा ‘मला जमेल का’ हे फार कमी जणी विचारतात. ‘मला करू कोण देईल’ हेच विचारणाऱ्या जास्त. म्हणून हा लेख त्या शोधाबद्दल आहे. तुमची तपासणी मी केलेली नाही, तेव्हा इथे वाचून निर्णय घेऊन टाकू नका. डॉक्टरांसमोर बसून काय विचारायचं, ते इथून घेऊन जा.

एक गोष्ट आधीच सांगते. ‘हो, करू ना नॉर्मल’ म्हणणारे डॉक्टर सापडले म्हणजे काम झालं, असं समजू नका. कळा मध्यरात्री सुरू झाल्या आणि तीन वाजता बाळाचे ठोके पडले, तर त्या दवाखान्यात त्या क्षणी कोण हजर असेल, यावर सगळं अवलंबून आहे. साथ म्हणजे गोड बोलणं अधिक ही तयारी.

आधी आकडे

‘एकदा सिझर की कायम सिझर’ हे वाक्य १९१६ सालचं आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रेगिन यांचं. त्या काळी गर्भाच्या पिशवीवर वरच्या जाड भागात उभा छेद घेत, आणि तो पुढच्या कळांत फाटण्याची भीती खरोखरच मोठी होती. पुढे १९२० च्या दशकात ग्लासगोचे मन्रो कर यांनी पिशवीच्या खालच्या पातळ भागावरच्या आडव्या छेदाचा पुरस्कार केला आणि आज बहुतेक सिझर तशीच होतात. शस्त्रक्रिया बदलली, वाक्य मात्र शंभर वर्षं तग धरून आहे.

एक सिझर, आडवा छेद, पोटात एकच बाळ, डोकं खाली. अशा बायकांनी कळांची वाट धरली तर शंभरातल्या ७२ ते ७५ जणी नॉर्मल बाळंत होतात, असं ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०१५ ची मार्गदर्शिका सांगते. अमेरिकेतल्या तज्ज्ञांची संघटना ६० ते ८० म्हणते. आधी कधीतरी एक जरी नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल, तर हाच आकडा ८५ ते ९० वर जातो. पहिलं सिझर कशासाठी झालं यानेही फरक पडतो. बाळ पायाळू किंवा आडवं होतं म्हणून झालं असेल तर यश ८४ टक्क्यांच्या आसपास, ठोके बिघडले म्हणून झालं असेल तर ७३, आणि कळा येऊनही बाळ पुढे सरकलं नाही म्हणून झालं असेल तर ६४.

आता दुसरी बाजू. कळांच्या जोराने पिशवीवरचा जुना व्रण फाटण्याची शक्यता साधारण २०० मध्ये १ असते. ठरवून केलेल्या सिझरमध्ये ती दहा हजारांत दोनहूनही कमी. फाटलं तर मिनिटांत सिझर करावं लागतं, रक्त चढवावं लागतं, क्वचित पिशवी काढावी लागते आणि बाळाला प्राणवायू कमी पडू शकतो. हे आकडे लपवून कुणी तुम्हाला धीर देत असेल तर तो धीर खोटा आहे. आणि ‘पिशवी फुटेल’ एवढंच सांगून आकडा न सांगणारेही तुम्हाला अर्धंच सांगतात.

कारण सिझरचाही हिशेब असतो, तो पुढच्या गरोदरपणात चुकता होतो. प्रत्येक सिझरगणिक वार (बाळाला पोसणारी प्लासेंटा) पिशवीत खोल रुजण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत सुमारे तीस हजार बायकांच्या नोंदींवरून २००६ साली आलेल्या अभ्यासात, वार खाली तोंडाशी असताना दुसऱ्या सिझरच्या वेळी ११ टक्के आणि तिसऱ्या सिझरच्या वेळी ४० टक्के बायकांत ती अशी रुतलेली सापडली. दोनच मुलं हवी असतील तर हा मुद्दा हलका होतो. तीन हवी असतील तर फार जड.

दोन सिझर झालेल्यांसाठी: अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा ७१ टक्के यश आणि १.३६ टक्के फाटण्याचा धोका असा आहे. ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही मार्गदर्शिका अनुभवी डॉक्टरांशी नीट बोलून असा प्रयत्न करायला वाव देतात. आपल्याकडे मात्र दहा दारं ठोठावली तर नऊ ठिकाणी ‘नाही’ येईल, अशी मनाची तयारी ठेवा.

पहिलं काम: जुने कागद

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे सिझर झालं साताऱ्याला किंवा जळगावला, आणि आता राहता पिंपरीत नाहीतर ठाण्यात. कागद आईच्या कपाटात, साडीच्या घडीखाली. ते आधी मागवा, फोटो काढून नव्हे, मूळ प्रत.

डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा एवढंच असतं: ‘एलएससीएस’, तारीख, बाळाचं वजन, आणि कारणाच्या रकान्यात दोन अक्षरं. एलएससीएस म्हणजे खालच्या भागावरचं सिझर, हे चांगलंच. पण तुम्हाला हवा आहे तो वेगळा कागद, ऑपरेशन नोट. त्यात छेद आडवा होता की उभा, तो वाढवावा लागला का, टाके एका थरात घातले की दोन, रक्तस्राव किती झाला, हे लिहिलेलं असतं. पोटावरची खूण पाहून आत काय आहे ते कळत नाही. वरून आडवी खूण आणि आत उभा छेद, असं असू शकतं.

ऑपरेशन नोट मागायला लाजू नका. २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांनुसार रुग्णाने कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांत द्यायची असतात. मात्र याच नियमांत कागद जपून ठेवायची मुदत तीन वर्षांची आहे. तेव्हा पहिलं मूल दोन-अडीच वर्षांचं झालं असेल आणि दुसऱ्याचा विचार सुरू असेल, तर आजच अर्ज टाका. साध्या कागदावर, तारखेसह, आणि पोच घ्या. डॉक्टरांशी भांडायला जात नाही आहोत, हे सुरात असू द्या. ‘पुढच्या डॉक्टरांनी मागितलंय’ एवढं सांगितलं की बहुतेक ठिकाणी काम होतं.

परदेशात असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं. पहिलं सिझर पुण्यात, दुसरं बाळंतपण लंडनला नाहीतर न्यू जर्सीला, अशा मुलींना तिथले डॉक्टर पहिल्याच भेटीत छेदाचा प्रकार विचारतात. आई बाळंतपणाला येणार असेलच, तर डिंकाच्या लाडवांबरोबर ती फाईलही तिच्या बॅगेत टाका.

कारणाच्या रकान्यात ‘सीपीडी’ असेल तर थोडं थांबून विचार करा. म्हणजे कमरेच्या हाडांच्या मानाने बाळाचं डोकं मोठं. कळा नीट येऊन, पिशवीचं तोंड पूर्ण उघडून, बराच वेळ जोर लावूनही बाळ उतरलं नसेल, तर या शब्दाला अर्थ आहे. कळा सुरूच नव्हत्या आणि नुसतं वरून तपासून ‘रस्ता लहान आहे’ म्हटलं गेलं असेल, तर तो अंदाज होता. ‘पाणी कमी’ आणि ‘नाळेचा वेढा’ ही कारणं पुढच्या वेळी पुन्हा असतीलच असं नाही.

दुसरं काम: ही वाट आपली आहे का

काही जणींसाठी नाही. आधी पिशवी फाटलेली असेल, मागचा छेद उभा किंवा उलट्या टी सारखा असेल, या वेळी वार तोंडावर असेल, किंवा गाठ काढताना पिशवीचा आतला थर उघडला असेल, तर सिझरच बरं. बाळ शेवटपर्यंत पायाळू राहिलं तरी बहुतेक ठिकाणी सिझरच सुचवतील.

काही ठिकाणी मधला रंग असतो. दोन बाळंतपणांमधलं अंतर दीड वर्षाच्या आत असेल तर फाटण्याचा धोका वाढतो. वजन बरंच जास्त, साखर वाढलेली, बाळ मोठं, तारीख उलटलेली, यांनी यशाचा आकडा खाली येतो, पण दार बंद होत नाही. सोनोग्राफीत ‘स्कार थिकनेस’, म्हणजे जुन्या व्रणाची जाडी, म्हणून मिलीमीटरमध्ये एक आकडा हल्ली लिहून येतो. तो पाहून बायका रडत वर्गात येतात. कुठल्या आकड्याखाली नक्की धोका, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, तेव्हा एकट्या त्या आकड्यावर कुणी निकाल देत असेल तर दुसरं मत घ्या.

तिसरं काम: दवाखाना

डॉक्टरांच्या आधी दवाखाना बघा. मी मुद्दाम हा क्रम सांगते, कारण बायका उलटं करतात. गोड बोलणाऱ्या मॅडमवर जीव जडतो आणि त्यांचं दहा खाटांचं नर्सिंग होम बघायचं राहून जातं.

काय असायला हवं? सिझरची खोली त्याच इमारतीत आणि रात्रीही चालू. भूलतज्ज्ञ आवारात, किंवा निदान काही मिनिटांत पोहोचणारे. रक्तपेढी त्याच दवाखान्यात नाहीतर हाकेच्या अंतरावर. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. बाळाचे ठोके सतत नोंदवणारं यंत्र, आणि त्याचा कागद वाचता येणाऱ्या सिस्टर. शेवटचं फार कमी लोक विचारतात. पिशवी फाटायला लागली की बहुतेक वेळा आधी बाळाच्या ठोक्यांचा आलेख बिघडतो. पोटात दुखेल, रक्त जाईल, ही लक्षणं नंतर येतात किंवा येतही नाहीत. रात्रपाळीच्या सिस्टरला आलेख कळत नसेल तर यंत्र असून नसल्यासारखं.

आता न्यायाने बोलायचं तर, तालुक्याच्या गावात एकट्या डॉक्टरांचं नर्सिंग होम असेल, भूलतज्ज्ञ वीस किलोमीटरवरून येत असतील, रक्त जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणावं लागत असेल, आणि ते डॉक्टर म्हणाले, ‘माझ्याकडे नको, मी तुम्हाला मोठ्या ठिकाणी पाठवतो’, तर त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी खरं सांगितलं. तुमच्या पूर्ण शोधात एवढं प्रामाणिक उत्तर पुन्हा मिळेलच असं नाही.

सरकारी मेडिकल कॉलेजांकडे बायका वळत नाहीत, आणि माझ्या मते ही मोठी चूक आहे. पुण्याचं ससून, मुंबईची केईएम, सायन, नायर, नागपूरचं मेडिकल, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ. इथे भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि रक्त चोवीस तास असतं, आणि सिझरनंतरची नॉर्मल बाळंतपणं तिथल्या डॉक्टरांच्या रोजच्या कामात बसतात. खाजगीत ‘धाडस’ वाटणारी गोष्ट तिथे पाळीवर आलेला शिकाऊ डॉक्टरही वरिष्ठांच्या देखरेखीखाली करतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात खाजगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली आणि सरकारी दवाखान्यांतली १४.३ टक्के. गुंतागुंतीच्या केसेस सरकारीत पाठवल्या जात असूनही हा फरक आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, सगळं मोफत आहे आणि ने-आण करायला १०२ ची गाडी.

त्रास काय? डॉक्टर निवडता येत नाही. गर्दी असते, खासगीपणा कमी. आवाज चढवणाऱ्या मावशी भेटू शकतात. कळांच्या वेळी सोबत एक बाई असू द्यायची, हे लेबर रूम सुधारण्याच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ या सरकारी कार्यक्रमात आहे, पण त्या रात्री लेबर रूममध्ये किती गर्दी आहे यावर ते ठरतं. नाव नोंदवायला जाल तेव्हाच विचारून ठेवा.

गावाकडे असाल तर आशाताईंना सांगा की मागचं सिझर आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत तुमच्या कार्डावर लाल स्टिकर लागेल. घाबरू नका, त्याचा अर्थ ‘हिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न ठेवता वर पाठवा’ एवढाच. आपल्याला तेच हवं आहे.

चौथं काम: पहिली भेट आणि प्रश्न

चौथ्या-पाचव्या महिन्यात जा. आठव्या महिन्यात डॉक्टर बदलायला गेलात तर कुणी धड उभं करत नाही, आणि करणाऱ्यांनाही तुमची ओळख नसते. नवऱ्याला बरोबर न्या. फाईल न्या. ओपीडीत वीस बायका खोळंबलेल्या असतात, तेव्हा फोनवर आधी सांगा की पाच मिनिटं जास्त लागतील.

सुरुवात सरळ करा: ‘मॅडम, माझं पहिलं सिझर आहे, ही ऑपरेशन नोट. या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करायची इच्छा आहे. माझ्या बाबतीत तुमचं मत काय?’ मग गप्प बसा. उत्तर तीनपैकी एका प्रकारचं येतं.

कागद न उघडताच ‘छे छे, रिस्क कोण घेणार’. आभार मानून बाहेर पडा.

‘हो हो, बघू ना, अजून वेळ आहे, शेवटी ठरवू.’ हे सगळ्यांत फसवं. पाचव्या महिन्यात ‘बघू’, सातव्यात ‘बघू’, आणि छत्तिसाव्या आठवड्यात अचानक ‘बाळ मोठं दिसतंय’, ‘पाणी कमी होतंय’, ‘अडतिसाव्यात घेऊन टाकू’. यातलं एखादं कारण खरंही असू शकतं, म्हणूनच तर त्या वेळी वाद घालणं अवघड जातं.

तिसऱ्या प्रकारचे डॉक्टर कागद वाचतात. मागच्या बाळाचं वजन विचारतात, कळा किती तास होत्या ते विचारतात, आणि मग अटी सांगतात. अमुक झालं तर सिझर, तमुक झालं तर सिझर, एरवी थांबू. ज्या डॉक्टरांना ‘कधी थांबायचं’ हे आधीच सांगता येतं, त्यांनीच हे काम केलेलं असतं.

पुढचे प्रश्न असे विचारा:

- गेल्या वर्षभरात तुमच्याकडे सिझरनंतर किती बायकांनी प्रयत्न केला आणि किती जणी नॉर्मल झाल्या? (नेमका आकडा नसेल, पण ‘महिन्याला दोन-तीन’ आणि ‘मागे एकदा झाली होती’ यातला फरक कळेल.)
- तुम्ही गावाला गेलात किंवा रात्री नसलात तर कोण? त्यांची तयारी आहे का?
- तारीख उलटली तर किती दिवस थांबाल?
- कळा आणायची वेळ आली तर काय वापरता?
- एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून देतात ती भूल, मिळेल का? (मिळायला हरकत नसते. ‘भूल दिली तर फाटलेलं कळणार नाही’ हे जुनं मत आहे.)
- कळांच्या वेळी हिंडूफिरू द्याल का, सोबत कुणाला राहू द्याल?
- शेवटी सिझर करावं लागलं तर खर्च किती होईल?

पैशाचा प्रश्न संकोचाने टाळू नका. पॅकेज नॉर्मलचं वेगळं, ठरवलेल्या सिझरचं वेगळं, आणि कळांनंतर रात्री केलेल्या सिझरचं बिल या दोन्हींपेक्षा मोठं येऊ शकतं. तिन्ही आकडे लिहून घ्या. कंपनीच्या विम्यात बाळंतपणाची मर्यादा किती, तेही तेव्हाच बघा.

कळा आणण्याबद्दल थोडं सविस्तर. मागचा व्रण असताना औषधांनी कळा आणल्या किंवा वाढवल्या तर फाटण्याचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या अशा बाईला पूर्ण दिवसांत कळा आणायला द्यायच्याच नाहीत. फुगा घालून तोंड उघडायची पद्धत त्या मानाने सुरक्षित धरतात. सलाईनमधून कळांचं औषध देतात ते जपून, सतत ठोके बघत. ‘अशा वेळी मी इंजेक्शन अजिबात देत नाही’ किंवा ‘देतो, पण फार थोडं आणि मी स्वतः थांबतो’, दोन्ही उत्तरं चालतील. ‘त्यात काय, सगळ्यांनाच लावतो’ हे चालणार नाही.

पहिल्याच ठिकाणी मनासारखं उत्तर मिळालं तर नशीब. नाहीतर दोन-तीन ठिकाणी जाऊन या. दुसरं मत घेतलं म्हणून डॉक्टरांचा अपमान होत नाही, झाला तर तो त्यांचा प्रश्न. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलसारख्या ठिकाणी सुईणींचं आधुनिक प्रशिक्षण घेतलेल्या मुली डॉक्टरांच्या जोडीने असं बाळंतपण करतात. मराठवाड्यातून, सोलापुरातून हैदराबाद पुण्याइतकंच जवळ वाटत असेल, तर विचार करायला हरकत नाही. पण शेवटचे काही आठवडे तिथे राहायची सोय हवी, ऐन वेळी बसने जायचं नाही.

घरचे

सासूबाई म्हणणार, ‘कशाला जिवाशी खेळ?’ त्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्या वेळचं ऑपरेशन थिएटरचं दार असतं. आकडे त्यांच्यापुढे नाचवून उपयोग नाही. त्यांना एकदा डॉक्टरांकडे घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. ते तुम्ही शंभरदा सांगण्यापेक्षा भारी पडतं. गंमत अशी की ज्या सासूबाईंची स्वतःची तीन-चार बाळंतपणं घरी झालेली असतात, त्या बऱ्याचदा पहिल्यांदा वळतात.

नवऱ्याचं काम मोठं आहे. कळांच्या सातव्या-आठव्या तासाला बाई म्हणतेच, ‘करून टाका सिझर’. तेव्हा त्याने डॉक्टरांना विचारायचं, बाळ ठीक आहे ना, ती ठीक आहे ना, अजून थांबता येईल ना. तिन्ही ‘हो’ आले तर तिचा हात धरून बसायचं. एक जरी ‘नाही’ आलं तर सही करायची आणि तिला टोमणा मारायचा नाही, त्या दिवशीही आणि पुढेही.

शेवटचे आठवडे

छत्तिसाव्या आठवड्याच्या भेटीत सगळं पुन्हा बोलून घ्या आणि जे ठरलं ते तुमच्या फाईलवर डॉक्टरांच्या अक्षरात लिहून घ्या. रात्री दुसरे डॉक्टर असतील तर त्यांना तुमच्या तोंडच्या शब्दांपेक्षा ती ओळ उपयोगी पडेल. हिमोग्लोबिन तपासा, कमी असेल तर आत्ताच लोहाचं बघा. तुमचा रक्तगट दुर्मिळ असेल तर रक्तपेढीत बोलून ठेवा.

ठरवून सिझर करायचं झालं तरी दुसरं कारण नसेल तर ३९ आठवडे भरू द्यायचे. त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो. तारखेच्या आधीच ‘घेऊन टाकू’ म्हणाले, तर कारण विचारा.

घरी एरंडेल पिऊन कळा आणायचा उद्योग करू नका. गावातल्या कुणी कंपाउंडरने ‘कळांचं इंजेक्शन’ देतो म्हटलं, तर त्याला दारातही उभं करू नका. आणि सिझर झालेल्या बाईने घरी बाळंत व्हायचं नाही, कितीही अनुभवी सुईण असली तरी.

कळा सुरू झाल्यावर

पहिलटकरणीला ‘घरी थांबा, कळा वाढू द्या’ सांगतात. तुम्ही तेवढं थांबू नका. नियमित कळा सुरू झाल्या की फोन करा, आणि दवाखाना तासभर लांब असेल तर लगेच निघा. पाणी गेलं, पाण्याला हिरवट रंग आला, रक्त गेलं, बाळ हालेनासं झालं, दोन कळांच्या मधेही पोट दुखायचं थांबेना, जुन्या टाक्यापाशी कापल्यासारखं दुखलं, खांद्यात कळ आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळा असोत-नसोत, निघायचंच.

गेल्यावर हाताला सुई लावून ठेवतील, रक्त तपासायला घेतील, पोटावर ठोक्यांचे पट्टे बांधतील. पट्टे बांधले म्हणजे उताणं पडून राहायचं असं नाही. कुशीवर वळता येतं, खाटेशेजारी उभं राहता येतं, खुर्चीत बसता येतं. हे आधी ठरलेलं असेल तर सिस्टर हरकत घेत नाहीत.

फाईलवर ‘स्कार टेंडरनेस’ असं कारण लिहून बरीच सिझर होतात, म्हणजे व्रणाजागी दाबलं की दुखतं. कळांत तिथे दाबलं तर दुखणारच. कळ नसतानाही तिथे दुखतंय का, ठोके कसे आहेत, हे विचारा. ठोके बिघडले असतील तर मात्र एकही प्रश्न न विचारता सही करा.

सिझर करावं लागलं तर

शंभरातल्या पंचवीसेक जणींना लागतं. त्यासाठीच तर एवढा सज्ज दवाखाना शोधला. तेव्हाही काही गोष्टी मागता येतात: नाळ मिनिटभर थांबून कापणं, बाळाला पुसून लगेच छातीवर ठेवणं, पहिल्या तासात दूध. काही ठिकाणी नवऱ्याला आत येऊ देतात, तेही छत्तिसाव्या आठवड्यात विचारून ठेवलेलं बरं. बाळाला काचेच्या पेटीत न्यावं लागलं तर नवरा बाळाबरोबर जाईल आणि तुमची आई तुमच्यापाशी थांबेल, एवढी वाटणी घरी करून ठेवा. ऐन वेळी दोघंही बाळामागे धावतात आणि बाई एकटी पडते.

नॉर्मल झालं तरी पहिले काही तास रक्तस्रावावर नीट लक्ष ठेवायला सांगा, आणि पोट फार दुखलं, घाबरं वाटलं तर सिस्टरना उठवायला लाजू नका. घरी सोडायच्या आधी पाळणा लांबवण्याचं बोलून घ्या. तांबी बसवायची असेल तर ती बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते, सिझर झालं तर त्याच वेळी. पुढचं मूल हवं असेल तर या बाळाच्या जन्मानंतर निदान दोन वर्षं दिवस राहू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.